यामाशितांकडे ऑलिम्पिकचे एकच सुवर्ण, तरीही एवढा लौकिक कसा?

ज्युदोवेडा:
नमस्कार. पॅरिस २०२४ मध्ये टेडी रिनर यांनी वैयक्तिक गटातले तिसरे ऑलिम्पिक सुवर्ण जिंकल्यापासून सर्वश्रेष्ठ ज्युदोपटू कोण, हा वाद पुन्हा रंगला आहे. जुने जाणकार मात्र हटकून यासुहिरो यामाशिता यांचेच नाव घेतात. त्यांचे सुवर्ण एकच, तेही १९८४ चे, म्हणजे सोव्हिएत संघाने बहिष्कार घातलेल्या स्पर्धेतले. मग हा मान नेमका कशाचा?

पांढरापट्टा:
बहिष्काराचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. १९८० मध्ये यामाशिता ऐन भरात होते, पण जपानने बहिष्कारात सामील होऊन मॉस्को ऑलिम्पिकला संघच पाठवला नाही. त्यांनी सार्वजनिकरीत्या साश्रू नयनांनी केलेली विनवणीही व्यर्थ गेली. पुढे १९८३ ची जागतिक स्पर्धा त्याच मॉस्कोत झाली आणि ती त्यांनी जिंकली. त्यामुळे लॉस एंजेलिसला सोव्हिएत खेळाडू नव्हते म्हणून त्यांचे फावले, असे म्हणता येत नाही. १९७७ पासून १९८५ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते एकदाही हरले नाहीत. त्या काळात त्यांनी २०३ विजय मिळवले, आणि वजनाचे बंधन नसलेली अखिल जपान स्पर्धा सलग नऊ वर्षे जिंकली. माझ्या मते हा शेवटचा पराक्रम सर्वांत अवघड आहे.

जुना_प्रेक्षक:
आकडे बाजूला ठेवून लॉस एंजेलिसचा तो एक दिवस पाहावा. दुसऱ्याच लढतीत, पश्चिम जर्मनीच्या आर्थर श्नाबेल यांच्याशी खेळताना, त्यांच्या उजव्या पोटरीचा स्नायू फाटला. ती लढत त्यांनी जिंकली, पण उपांत्य फेरीला ते उघडपणे लंगडत आले आणि फ्रान्सच्या डेल कोलोम्बो यांनी त्यांना सुरुवातीलाच पाडून गुण घेतला. जगाने त्यांना असे पडताना क्वचितच पाहिले होते. ते उठले आणि त्याच लढतीत बाजी पलटवून जिंकले. अंतिम फेरीत इजिप्तच्या मोहम्मद राशवान यांचा हल्ला त्यांनी चुकवला, तोल जाऊन खाली गेलेल्या राशवान यांना आडवे दाबून धरले आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे लागणारी ३० सेकंदे ती पकड सुटू दिली नाही. दुखऱ्या पायाला लक्ष्य करायचे नाही, असे आपण ठरवले होते, हे राशवान यांनी पुढे सांगितले. पदक स्वीकारताना त्यांनीच यामाशितांना हात देऊन वर चढवले. या लौकिकात त्यांचाही वाटा आहे, आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे.

ज्युदोवेडा:
मनःपूर्वक आभार. तरीही रिनर यांच्या बाजूने एक मुद्दा उरतोच. यामाशिता अठ्ठाविसाव्या वर्षी थांबले; रिनर यांची १५४ विजयांची मालिका फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या कागेउरा यांनी खंडित केली आणि त्यानंतरही, पस्तिशीत, ते पुन्हा ऑलिम्पिक विजेते झाले. हरल्यानंतर पुन्हा उभे राहण्याची ही कसोटी यामाशितांना त्या नऊ वर्षांत द्यावीच लागली नाही.