फायटर कोणत्या आवृत्तीने मारला?

बालाघाट
डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फासे टाकून पात्रं खेळवायचा खेळ) विषय निघाला की रडगाणं ठरलेलं: फायटरने (लढवय्या) नुसतं ‘मी मारतो’ म्हणायचं, बाकी सगळं विझर्ड (जादूगार) करतो. मग जो तो नियमपुस्तकातल्या फायटरच्या पानात खोट शोधतो. खोट तिथे नाहीच. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने त्याला उलट जास्त दिलं, २० लेव्हलांत ११ बोनस फीट (जादा खास कौशल्यं). मारलं ते आजूबाजूचे नियम बदलून.

जुन्या एडी अँड डीत (अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डी, तिसरीआधीच्या आवृत्त्या) विझर्डला तीन लगाम होते. मंत्र म्हणताना फटका बसला की मंत्र वाया. तिसरीत कॉन्सन्ट्रेशनच्या फाशावर १५ अधिक मंत्राची लेव्हल एवढं आणलं की शत्रूच्या नाकासमोर बिनघोर मंत्र. दुसरा लगाम एक्सपीचा (लेव्हल चढायला लागणारे अनुभवाचे गुण): दुसऱ्या लेव्हलला फायटरला २००० लागायचे, विझर्डला २५००. तिसरीत सगळ्यांना एकच तक्ता.

तिसरा लगाम सेव्हचा (मंत्रातून वाचायला टाकायचा फासा), आणि खरी मेख तिथेच आहे. आधी सेव्ह ठरायचा मार खाणाऱ्याच्या लेव्हलवर. १७ व्या लेव्हलच्या फायटरला मंत्राविरुद्ध वीसबाजूंच्या फाशावर ६ किंवा वर हवेत, म्हणजे २० पैकी १५ वेळा वाचतो. तिसरीत मंत्र टाकणाऱ्याची बुद्धी आकड्यात शिरली. ९ व्या लेव्हलचा मंत्र आणि इंटेलिजन्स २८ धरा: मूळचे १० + मंत्राचे ९ + इंटेलिजन्सच्या बोनसचे ९ = २८. समोर २० व्या लेव्हलचा फायटर. विल (मनाचा सेव्ह) ६, जादुई क्लोकचे ५, विस्डम १२ चा १, बेरीज १२. फाशावर १६ हवेत. २० पैकी ५ वेळा वाचतो. पंधराचे पाच झाले, आणि फायटरच्या गुणांच्या यादीत याचा मागमूस नाही.

गोदाकाठ
बालाघाट भाऊ, सेव्हचं गणित बिनतोड. एक्सपीचा लगाम मात्र ऐकीव गोष्ट आहे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीचा तक्ता पहिल्या ओळीवर सोडू नका, खाली उतरा. सातव्या लेव्हलला विझर्डला ६०,०००, फायटरला ६४,०००. नवव्याला विझर्डला १,३५,०००, फायटरला २,५०,०००. त्याच अडीच लाखांत विझर्ड दहाव्यावर बसलेला असतो. म्हणजे जिथे विझर्ड डोईजड होतो, तिथेच तक्ता त्याला ढकलत होता. लगाम पहिल्या सहा लेव्हलांपुरता, आणि त्या काळात त्याच्या हिट पॉइंटचा (किती मार सोसतो तो आकडा) फासा चार बाजूंचा, त्यामुळे तसाही तो एका बाणाचा धनी.

चौथीवाला
दोघंही एक आवृत्ती ओलांडून चाललात. २००८ च्या चौथीने हाच आजार ओळखून क्लासच्या (पात्राचा पेशा) पानावरच उपाय लिहिला. फायटर असो की विझर्ड, पहिल्या लेव्हलला दोन अ‍ॅट-विल पॉवर (कितीही वेळा), एक एन्काउंटर (लढाईत एकदा), एक डेली (दिवसातून एकदा). फायटरने ज्याच्यावर हल्ला केला त्याला मार्क करायचं. मार्क झालेल्याने दुसऱ्या कुणावर हल्ला केला तर त्याला फाशावर उणे २, आणि शेजारी उभा असेल तर फायटरचा फुकटचा फटका. मागच्याला वाचवणं हे काम फायटरच्या नियमात उतरलं, डीएमच्या (खेळ चालवणारा) दयेवर राहिलं नाही.

‘सगळे क्लास सारखेच’ ही तक्रार पानाची मांडणी बघून होते. ताट सारखं असलं म्हणून कालवण एक होत नाही. (मांडणी रुक्ष होती, हे कबूल.)

उदगीरचा गॉब्लिन
चौथीचं कौतुक ऐकायला बरंय हो. पण वरच्या लेव्हलला एकेकाच्या म्होरं पॉवरची डझनभर कार्डं, कुणाला मार्क, कुणाला स्लो, कुणाचा परिणाम त्याच्या टर्नला संपतो अन् कुणाचा सेव्ह झाल्यावर. दोन लढायांत रविवार संपला. तुमी रचनेवर भांडूलालाव, टेबलावर घड्याळ बी असतंय.

नाथसागर
गॉब्लिनने घड्याळ काढलं ते बरं केलं, कारण २०१४ ची पाचवी घड्याळावरच अडते. डीएमच्या पुस्तकात दिवसाला ६ ते ८ मध्यम किंवा अवघड सामने धरलेत, मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती). पाचव्या लेव्हलचा हिशोब करा. विझर्डकडे ४ + ३ + २ असे ९ स्लॉट (मंत्र टाकायच्या खेपा), शॉर्ट रेस्ट एकही न मिळाली तरी. वॉरलॉकला (शॉर्ट रेस्टवर स्लॉट भरणारा दुसरा मंत्रवाला क्लास) दोन शॉर्ट रेस्ट मिळाल्या तर ६ स्लॉट, नाही मिळाल्या तर २. फायटरची अ‍ॅक्शन सर्ज (टर्नमध्ये एक जादा कृती) ३ वेळा किंवा १ वेळा.

आपल्याकडे संभाजीनगर काय, नांदेड काय, टेबल बसतं तीन तास. त्यात दोन लढाया झाल्या तरी खूप. आणि सेशन संपला की डीएम सवयीने लाँग रेस्ट (मोठी विश्रांती, सगळे स्लॉट भरून देणारी) देऊन टाकतो. म्हणजे विझर्डचं धरण दर रविवारी शंभर टक्के भरलेलं, फायटर-वॉरलॉकचं आवर्तन मात्र सुटतच नाही. मग विझर्ड पहिल्याच फेरीत फायरबॉल टाकणार, ८ सहाबाजूंचे फासे. त्याने का जपून वापरावं?

उपाय क्लासला हात न लावता होतो. तीन सेशन मिळून खेळातला एक दिवस धरा, लाँग रेस्ट तिसऱ्या रविवारीच. दर सेशनच्या शेवटी शॉर्ट रेस्ट. स्लॉट आणि हिट पॉइंट कागदावर लिहून डीएमकडे ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी सगळ्यांची आठवण सोयीची असते. पुस्तकातला दुसरा पर्याय, शॉर्ट रेस्ट ८ तासांची आणि लाँग ७ दिवसांची, तो जपून घ्या. मेज आर्मर (विझर्डचा चिलखताचा मंत्र) टिकतं ८ तास. एका शॉर्ट रेस्टमध्येच ते विरतं आणि विझर्डचा स्लॉट पाण्यात.

बालाघाट
नाथसागर, हे तर माझ्याच बाजूचं झालं. पान तेच, रेस्टचा नियम बदलला की क्लास बदलतो.

चौथीवाला
उलट माझ्या बाजूचं. तीन रविवारांचा हिशोब ठेवल्याशिवाय क्लास चालत नसेल तर त्याची रचना अर्धवट आहे. चौथीत प्रत्येक लढाईआधी एन्काउंटर पॉवर सगळ्यांच्या भरलेल्या, दोन लढाया होवोत की सात. डेलीचा तोल बिघडायचा, पण सगळ्यांचा सारखाच.

गोदाकाठ
२०२४ च्या पुस्तकांनी दोन्हीकडून थोडं घेतलंय. फायटरला पहिल्या लेव्हलला तीन हत्यारांची मास्टरी (त्या हत्याराची खास करामत), आणि ती कितीही वेळा वापरा, रेस्टची भानगड नाही. दुसऱ्या लेव्हलला टॅक्टिकल माइंड: फसलेल्या अ‍ॅबिलिटी चेकमध्ये (एखादं काम जमतं का ते ठरवणारा फासा) सेकंड विंडचा (स्वतःचे हिट पॉइंट भरायची सोय) एक वापर घालून दहाबाजूंचा फासा मिळवायचा, तरीही फसला तर वापर परत. लढाईबाहेर फायटरने हात बांधून बसायचं, हे पहिल्यांदा थोडं सुटलं.

उदगीरचा गॉब्लिन
अन् टॉपल, समोरच्याला पाडायची मास्टरी? दर फटक्याला समोरच्याचा कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह. पाचव्या लेव्हलला दोन फटके, म्हणजे दोन जादा फासे दर टर्नला. ज्याला घाई आहे त्यानं ग्रेझ मास्टरी घ्यावी, हुकलं तरी स्ट्रेंग्थच्या बोनसएवढं लागतंय, फासा न्हाई न् काय न्हाई.

बालाघाट
ग्रेझला फक्त ग्रेटसोर्ड आणि ग्लेव्ह, ढाल सोडावी लागते. एसीचे (बचावाचा आकडा) २ गेले, तेही मोजा.