जगाची सरासरी आणि आपलं धडगाव

ताई, तुम्ही विचारलंत, भाचीने जगाच्या प्रगतीच्या आकडेवारीवरची संशोधन इंटर्नशिप घ्यावी का? जरूर घ्यावी. तुमच्या प्रश्नाखाली एका भाऊंनी विचारलंय, जगाच्या सरासरीत आपला नंदुरबार जिल्हा कुठे दिसणार? रास्त आहे, पण म्हणून सरासरी खोटी ठरत नाही. १९९० मध्ये जगात हजार जन्मांमागे ९३ मुलं पाच वर्षांची होण्याआधीच दगावत, २०२२ मध्ये ३७. हे फार मोठं काम झालंय. ते मान्य करूनच नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुवा तालुक्यांबद्दल बोलावं.

आकडा येतो कुठून, हे मात्र भाचीने इंटर्नशिपमध्ये मन लावून शिकावं. जिथे जन्म-मृत्यूच्या नोंदी अपुऱ्या, तिथे सर्वेक्षक घरोघरी जाऊन बायांना विचारतात: मुलं किती झाली, कधी झाली, हयात किती? त्यातून बालमृत्यूचा अंदाज निघतो. पण एका जिल्ह्यात विचारलेली घरं थोडीच असतात, त्यामुळे जिल्ह्यापुरता हा अंदाज काढायला नमुना तोकडा पडतो. म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात कुपोषण, लसीकरण, दवाखान्यातली बाळंतपणं सापडतात, बालमृत्युदर सापडत नाही. पत्रकं इंटरनेटवर फुकट मिळतात. जळगाव, धुळे, नंदुरबारची शेजारी-शेजारी ठेवून तिने आत्ताच वाचायला घ्यावीत.