पाच डिस्कचा चेंजर अंबाजोगाईला जातोय, पण पाटीवर फक्त १२० व्होल्ट

प्रेषक: कार्यक्रम समिती

मंडळी,

सामान शनिवारी रात्री अमेरिकेतून भारतात निघतंय. बॅगेत चेंजरची, म्हणजे पाच डिस्क आपोआप बदलणाऱ्या आपल्या डीव्हीडी प्लेअरची, जागा धरून ठेवलीय. आज मागची पाटी वाचली तर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १५० वॅट एवढंच लिहिलंय. १००-२४० कुठंही नाही. स्पीकर आणि वूफर याच डब्यावर चालतात, त्यामुळं नुसता प्लेअर वेगळा काढून देता येत नाही.

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की वाचनालयाच्या हॉलमध्ये लावायचाय. कपाटात तो १६०० वॅटचा हलका कन्व्हर्टर आहे, तो सोबत देऊ का? वजनाला काहीच नाही. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. डिस्क मागच्या यादीतल्याच जातील.

प्रेषक: जालनेकर
विषय: उत्तर: पाच डिस्कचा चेंजर

तो कन्व्हर्टर अजिबात देऊ नका. तो हेअर ड्रायर, इस्त्री असल्या नुसत्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतो. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० ची लाट मधेच कापून सरासरी ११० च्या आसपास आणायची, एवढंच त्याचं काम. इस्त्रीला ते चालतं, पण कापलेल्या लाटेची टोकं ३०० व्होल्टच्या आसपास तशीच राहतात. आपल्या चेंजरच्या पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर बहुधा २०० व्होल्टचा असणार, कारण १२० चं टोक १७० ला संपतं. ३०० चा मारा झाला तर तो फुगतो, फ्यूज जातो, आणि फ्यूज बदलून भागत नाही. १६०० हा आकडा मोठा दिसतो म्हणून फसू नका, वॅटचा इथं प्रश्नच नाही.

लागतो तो खरा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर: २३० ला ११०, ३०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे त्याची क्षमता), तांब्याच्या तारेचा. १५० वॅटला २०० व्हीए पुरेल असं कोणी म्हणेल, पण वूफरनं एकदम जोर घेतला की तो कमी पडतो. वजन तीन-चार किलो भरेल, म्हणून इथून नेऊ नका. लातूरला नाहीतर संभाजीनगरला वाइंडिंगवाल्याकडून करून घ्या. त्याला दोन गोष्टी सांगा: आउटपुटला अमेरिकन चपट्या पिनचा सॉकेट हवा, आणि इनपुटला २ अँपिअरचा फ्यूज हवा.

प्रेषक: साहित्य विभाग

कपाटातली कुठलीही वस्तू बाहेर जाण्याआधी साहित्य विभागाला कळवायचं, हे गणपतीनंतरच्या बैठकीत ठरलेलं आहे. चेंजर कायमचा चाललाय की परत येणार, हे आधी लिहून द्या. सोबत काय काय जातंय तेही लिहा. रिमोट, पाच स्पीकरच्या तारा आणि पिवळी-पांढरी-लाल केबल वेगवेगळ्या खोक्यांत आहेत, आणि मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

व्होल्टेजचं बोलायलेत सगळे, पण रीजनचं, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात लागावी त्या कोडचं, काय? हा रीजन १ चा प्लेअर, भारत रीजन ५. तिथं नेऊन आपल्या डिस्क लागणार कशा?

प्रेषक: परभणीकर ताई

दादा, रीजन प्लेअरचा आणि डिस्कचा जुळावा लागतो. प्लेअर कुठल्या देशात ठेवलाय याच्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या कार्यक्रमांच्या डिस्क घरी जाळलेल्या, म्हणजे बर्न केलेल्या आहेत, त्यांना रीजन कोड नाहीच. त्या अंबाजोगाईतही लागतील. वीसीडीला (व्हिडिओ सीडीला) तर रीजन ही भानगडच नसते.

अडचण उलट बाजूनं येणार आहे. वाचनालयाकडं स्वतःच्या डिस्क आहेत. त्यातल्या ज्यांवर पृथ्वीगोलाच्या चित्रात फक्त ५ छापलंय त्या हा प्लेअर घेणार नाही आणि पडद्यावर तसा निरोप येईल. ज्यांवर ० किंवा "ऑल" आहे त्यांचा रीजन अडवत नाही, पण त्यातली एखादी पाल (PAL, भारतातली टीव्हीच्या चित्राची पद्धत) असेल तर इथं विकलेले पुष्कळ प्लेअर ती उलगडत नाहीत. तेव्हा चित्र वर-खाली सरकतं, काळं-पांढरं होतं, नाहीतर येतच नाही. रीजन आणि पाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, खुणाही वेगळ्या. निरोप आला तर रीजन, चित्र बिघडलं तर पाल.

आपल्या डिस्क एनटीएससी (अमेरिकेतली चित्राची पद्धत) आहेत, म्हणजे ७२० बाय ४८०. तिथला एलईडी टीव्ही ते घेतो, त्याची काळजी नको. फक्त टीव्हीच्या मागं तीन रंगांची भोकं आहेत का विचारून घ्या. नव्या टीव्हींना बऱ्याचदा एकच बारीक ३.५ मिमी भोक असतं आणि त्याची वेगळी केबल लागते. ती केबल कुठलीही चालत नाही, आतल्या कड्यांचा क्रम बदलतो. चित्राऐवजी गुरगुर ऐकू आली तर पिवळी पिन लालच्या जागी लावून बघायची.

प्रेषक: लातूरकर काका

ट्रान्सफॉर्मर लावला म्हणजे झालं असं समजू नका. तो प्रमाण राखतो, व्होल्टेज राखत नाही. संध्याकाळी लाईन १८० वर उतरली की पलीकडं ८६ च मिळतात, रात्री २६० वर चढली की १२४. ८६ ला डिस्प्ले लागतो, चित्र दिसतं, सगळं ठीक वाटतं. मग आवाज मोठा असताना कोणी डिस्क बदलायचं बटण दाबतं. मशीन जागीच रीसेट होतं आणि गोल ताट दोन खाचांच्या मधे थांबतं. लोक म्हणतात चेंजर बिघडला, पण दोष लाईनचा असतो.

म्हणून क्रम असा: भिंत, स्टॅबिलायझर, ट्रान्सफॉर्मर, चेंजर. तिथं मिळणारा स्टॅबिलायझर २३० चाच असतो, त्यामुळं तो ट्रान्सफॉर्मरच्या आधीच बसतो.

आणखी एक. चेंजरच्या डब्यात पातळ पत्र्यांच्या थरांचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर असेल तर ५० हर्ट्झचा विचार करावा लागतो. १२० ला ६० नं भागलं तर २ येतात, ११० ला ५० नं भागलं तर २.२. म्हणजे गाभ्यावर दहा टक्के जास्त भार आणि उष्णताही जास्त. तासाभराच्या कार्यक्रमाला चालतं. दिवसभर लावायचा असेल तर वाइंडिंगवाल्याला ११० सोबत १०० चा टॅपही (१०० व्होल्टची वेगळी जोडणी) काढायला सांगा. स्टॅबिलायझर असला की १०० सुरक्षित आहे. झाकण न उघडता ओळखायचं असेल तर डबा उचलून बघा. एकच बाजू जड लागली तर लोखंड आहे.

लाईट गेली आणि ताट मधेच अडकलं तर लाईट आल्या आल्या कुठलंही बटण दाबू नका. पिन काढा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा लावा. ताट आपणहून फिरून पहिली खाच शोधतं, त्यासाठी त्याच्या खाली सेन्सर असतो. ते पुरतं थांबलं की मगच ओपन दाबायचं. हातानं ताट फिरवायला गेलात तर प्लॅस्टिकच्या चाकाचे दात मोडतात आणि ते सुटे मिळत नाहीत.

प्रेषक: हिंगोलीकर

काकांनी इन्व्हर्टरचं लिहिलं नाही. वाचनालयात इन्व्हर्टर असणारच. साधा चौकोनी लाटेचा असेल तर त्यावर हा ट्रान्सफॉर्मर लावू नका. घूं घूं आवाज येतो, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि तीच घरघर स्पीकरमधून ऐकू येते. प्युअर साइन वेव्हचा असेल तर खुशाल लावा. कुठला आहे ते इन्व्हर्टरच्या समोरच लिहिलेलं असतं, फोटो मागवा.

प्रेषक: नांदेडकर

माझं स्पष्ट मत: चेंजर पाठवूच नये. तिथं एक डिस्कचा साधा प्लेअर बसवावा. २३० व्होल्टचा, पाल-एनटीएससी दोन्ही घेणारा, मागं यूएसबी असलेला. ना ट्रान्सफॉर्मर, ना टॅप. चेंजरमध्ये ताट फिरवणारी मोटर वेगळी, ताट बाहेर काढणारी वेगळी, लेन्सची वेगळी. जितक्या मोटरी तितक्या दुरुस्त्या, आणि मेच्या ४२ अंशांत तिथला रबरी पट्टा टिकत नाही.

प्रेषक: परभणीकर ताई

दादा, स्पीकर चेंजरच्या डब्यातच जोडलेले आहेत हे पहिल्याच पत्रात लिहिलंय. साधा प्लेअर घेतला तर अँप्लिफायर कुठून आणायचा? हॉल टीव्हीच्या आवाजावर भरत नाही. शिवाय चेंजर मागायचं कारण तिथल्यांनीच सांगितलंय: कार्यक्रम चालू असताना डिस्क बदलायला माणूस बसवता येत नाही. एकामागं एक पाच डिस्क आपोआप लागाव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

साधा प्लेअर सोबत हवाच, पण वाचनालयाच्या पाल डिस्कसाठी. त्याच्या पांढऱ्या-लाल केबल चेंजरच्या ऑक्स भोकात (बाहेरचा आवाज आत घ्यायचं भोक) लावा, आवाज त्याच स्पीकरमधून येईल. पिवळी मात्र थेट टीव्हीला.

प्रेषक: जालनेकर

ताईंचं बरोबर आहे. पण नांदेडकरांनी पट्ट्याचं काढलं ते सोडून देऊ नका. आपल्याच चेंजरचा ट्रे कोजागिरीपासून कुरकुरत अर्धा उघडून परत आत जातो. ते मोटरचं दुखणं नाही, पट्टा ताणलाय. पाठवायच्या आधी इथंच बदला.

पिन काढा. बाजूचे आणि मागचे स्क्रू काढून वरचं झाकण मागं ओढून उचला. ट्रे पुढं आणणाऱ्या मोटरच्या चाकावर चौकोनी कापाचा बारीक काळा पट्टा दिसेल. तो चिमट्यानं काढा, नखानं नको. चपटा करून सैलच धरा, ताणू नका, लांबी मोजा आणि दुप्पट करा. नवा पट्टा त्याहून पाच टक्के लहान घ्यायचा. फार घट्ट घेतला तर मोटरचा दांडा एका बाजूला ओढला जातो आणि ती चीं चीं करते. नवा बसवण्याआधी दोन्ही चाकांच्या खाचा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. जुन्या रबराचा चिकट थर तिथं बसलेला असतो, तो राहिला तर नवा पट्टाही घसरतो. रुळांवर पांढरं सिलिकॉन ग्रीस अगदी किंचित. खोबरेल नको, धूळ धरून त्याची खळ होते. पट्ट्याला ग्रीसचा हातही लागू देऊ नका.

झाकण उघडलंच आहे तर लेन्सही पुसून घ्या. कापसाची काडी त्याच अल्कोहोलमध्ये नुसती ओलसर करायची आणि अलगद गोल फिरवायची. थिनर चालत नाही, लेन्स प्लॅस्टिकची असते.

प्रेषक: धाराशिवकर

डिस्कबद्दल कोणीच लिहीत नाही. यादीतल्या निम्म्या डिस्कवर मंडळाच्या बोधचिन्हाचे कागदी स्टिकर आहेत. ते चेंजरमध्ये घालू नका.

डीव्हीडी आतल्या कडेला मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते, बाहेरच्या कडेला ५७० च्या आसपास. स्टिकर केसभर बाजूला चिकटला असला तरी डिस्क थरथरते आणि शेवटची वीस मिनिटं चित्र चौकटी-चौकटीचं होतं, कारण थरथर बाहेरच्या कडेला जास्त. त्यात डबा गरम झाला की गोंद सुटतो, कागदाचं टोक वर येतं आणि ताट फिरताना ते वरच्या पत्र्याला अडकतं. साध्या प्लेअरमध्ये निदान ट्रे उघडून डिस्क काढता येते. चेंजरमध्ये ती आतच राहते.

स्टिकर उपटूही नका. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात, ओढताना कड उकलू शकते. कोऱ्या डीव्हीडी-आरवर नवी प्रत काढा, वेग ४ किंवा ८, आणि शेवटी फायनलाइज (इतर प्लेअरना वाचता यावी म्हणून डिस्क बंद करणं) करायला विसरू नका. फायनलाइज न केलेली डिस्क संगणकावर दिसते, चेंजरवर दिसत नाही. नाव मार्करनं लिहा, डिस्कवर लिहायचा असतो तोच. आणि तिथं पत्र्याच्या खोलीत ठेवू नका म्हणावं, जाळलेल्या डिस्कचा रंग उन्हानं आणि उकाड्यानं उडतो.

प्रेषक: लातूरकर काका

आवाजाचं राहिलं. नाटकाच्या ध्वनिमुद्रणात दोनच चॅनेल आहेत. चेंजर ते पाच स्पीकरवर पसरवायला बघतो आणि मागच्या भिंतीवरून संवाद घुमतात. सराउंड बंद, नाइट मोड चालू, वूफर निम्म्यावर. नाइट मोडनं हळू बोललेलं वर येतं आणि टाळ्या दबतात, मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना शब्द कळतात. मधला स्पीकर मुका राहिला तरी चालेल. डावा-उजवा टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर. जमिनीवर ठेवू नका.

तिथं स्पीकर बदलायची वेळ आली तर मागं लिहिलेल्या ओहमपेक्षा कमी ओहमचा लावायचा नाही. जास्त चालतो, आवाज थोडा कमी येतो एवढंच.

प्रेषक: साहित्य विभाग

चेंजर कायमचा जातोय असं समितीनं कळवलंय, नोंद केली. कन्व्हर्टर कपाटातच राहील. नेणाऱ्यानं पाचही खाचा रिकाम्या करून ट्रे बंद करावा आणि मगच पिन काढावी. खालच्या बाजूला लाल रंगाचे वाहतुकीचे स्क्रू असतील तर ते घट्ट करावेत, आणि तिथं पोचल्यावर काढायला सांगावं. ते न काढता चालू केलं तर ताट फिरत नाही आणि मोटर जळू शकते. किल्ली माझ्याकडंच आहे, गुरुवारी सहानंतर या.

प्रेषक: नांदेडकर

ठीक आहे, पाठवा. पण वीसीडी लावून पाहिली का? वाचनालयाकडं वीसीडीच जास्त आहेत. डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या लेझरनं वाचते, वीसीडी ७८० च्या. एक शाबूत आणि दुसरा मेलेला, असं पुष्कळदा असतं. डीव्हीडी चालते म्हणून सगळं चालतं असं धरू नका.

प्रेषक: कार्यक्रम समिती

आत्ता लावली. वीसीडी दिसते, साधी ऑडिओ सीडीही वाजते. जुना पट्टा चपटा धरून १० सेंमी भरला, म्हणजे घेर २० आणि नवा १९ चा हवा. तो उद्या घेतो, जादाचा एक रिमोटच्या पिशवीत टाकतो. ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंगवाल्याला ११० आणि १०० असे दोन टॅप सांगितलेत, मंगळवारी तयार होईल म्हणाला. इन्व्हर्टरचा फोटो अजून आला नाही. हिंगोलीकर, तुम्हीच एकदा फोन लावा.