पद्मिनीचा मडगार्ड: ठोकून सरळ करायचा की दुसरा बसवायचा?

मंडळी मदत हवी आहे. आमची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, मागच्या रविवारी नाशिकच्या द्वारका सर्कलला सिग्नलपाशी एका रिक्षाने डावीकडून ठोकली. वेग फार नव्हता, कोणाला लागलं नाही, पण पुढचा डावा मडगार्ड हेडलाइटच्या मागे चांगला तळहाताएवढा आत गेलाय, हेडलाइटची रिंग वाकलीय आणि बंपरचं क्रोम खरचटलंय. दार नीट उघडतं, चाक कुठे घासत नाही, स्टिअरिंगही सरळ आहे.

इन्शुरन्स थर्ड पार्टीच, त्यामुळे आमच्या पॉलिसीतून क्लेमचा विषयच नाही.

दोन ठिकाणी दाखवली. अंबडचा डेंटर म्हणतो पुट्टी भरून दोन दिवसांत देतो, पण त्याच मडगार्डच्या खालच्या कडेला आधीच कोणीतरी जाड पुट्टी मारलीय (लोहचुंबक चिकटतच नाही तिथे!) आणि तिला तडे जाऊन आतून गंज आलाय, म्हणून परत तेच नको. दुसरा म्हणाला कापून टाका, कुर्ल्याहून जुना मडगार्ड आणा, पण जुन्या मालात गंज नसेल याची काय गॅरंटी? रिंग स्वतः ठोकून बघितली, अजूनच वाकडी झाली, हसू नका.

कलर मूळचा पांढरा, आता पिवळट पडलाय, पूर्ण गाडी रंगवायची नाहीये. बजेट पंधरा हजारापर्यंत, घाई नाही.

तर नाशिकमध्ये पत्रा हातोडी-डॉलीने (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) काढून गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणारा जुना कारागीर कोणाच्या माहितीत आहे का, आणि नुसता एक मडगार्ड रंगवला तर त्या पिवळट पांढऱ्याला शेड जुळते का?