मदत हवी आहे: ड्रायव्हर बदलल्यावर गरम इंजिन सुरू होत नाही

प्रश्न: फॉर्म्युला स्टुडंटची (कॉलेजच्या मुलांनी बनवलेल्या रेसगाड्यांची स्पर्धा) गाडी, केटीएमचं ३७३ सीसी इंजिन, २० मिमी रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा मर्यादित करणारी नळी). चाचणी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत, भर दुपारी, ४१ अंशांत. नऊ किलोमीटरला पाणी १०८ अंशांवर जातं, कॅच कॅनमध्ये (बाहेर पडलेलं पाणी जमा होणाऱ्या डब्यात) पाऊण लिटर येतं. ११ किमीला ड्रायव्हर बदलायला तीन मिनिटं इंजिन बंद, मग स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही. स्पर्धेच्या नियमामुळे साधं पाणीच आहे, कूलंट चालत नाही. मोठा रेडिएटर घ्यावा का?

उत्तर १: आत्ताच नको. सोलापुरात उघडं पाणी ९८-९९ ला उकळतं, पण रेडिएटरची १.१ बारची कॅप दाब धरत असेल तर १२० पर्यंत उकळायला नको. १०८ लाच पाऊण लिटर बाहेर येतंय म्हणजे कॅप गळतेय नाहीतर आत हवा अडकलीय. थंड इंजिनवर हातपंपाने १ बार दाब द्या, दहा मिनिटं काटा हलता कामा नये. कॅप वेगळी तपासा. साईडपॉडमधला (गाडीच्या बाजूच्या खोक्यातला) रेडिएटर हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) खाली असतो, त्यामुळे हवा हेडमध्ये साठते. फिलर सगळ्यात उंच जागी हवा. थंड असताना पाणी भरून, कॅप उघडी ठेवून इंजिन चालवा. बुडबुडे थांबेचनात तर हेडखालचं गॅस्केट गेलंय.

उत्तर २: साईडपॉडमध्ये हवा कुठून जाते ते बघा. अक्कलकोट रोडच्या एखाद्या टॉवेल कारखान्यातून सूत आणा, बोटभर दोरे रेडिएटरच्या कडेने टेपने चिकटवा, मोबाईल लावून गाडी चालवा. दोरे जाळीकडे न ओढले जाता बाजूच्या फटीत घुसत असतील तर हवा रेडिएटर टाळून जातेय. फटी फोमने बुजवा. गाडी उभी असताना फॅन लावून जाळीसमोर कागद धरा, तो चिकटला पाहिजे.

उत्तर ३: स्टार्टचं दुखणं वेगळं असू शकतं. स्टार्टर फिरताना बॅटरीवर मीटर लावा. साडेनऊ व्होल्टच्या खाली गेलं तर बॅटरी कमी पडतेय आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) बंद पडत असेल. १० ॲम्पिअरचा फॅन तीन मिनिटांत अर्धा ॲम्पिअर-तास खातो. व्होल्टेज ठीक असेल तर लगेच प्लग काढा. ओला असेल तर ईसीयूच्या मॅपमधलं (पेट्रोल किती सोडायचं त्या तक्त्यातलं) गरम स्टार्टचं पेट्रोल कमी करा. कोरडा असेल तर रेलमध्ये (इंजेक्टरला पेट्रोल देणाऱ्या नळीत) वाफ: स्टार्टर मारण्याआधी पेट्रोल पंप दोन-तीनदा चालवून घ्या, रेल आणि एक्झॉस्ट यांच्या मधोमध ॲल्युमिनियमचा पत्रा लावा.

प्रश्नकर्ता: कागद उडून गेला! फॅनच्या वायरी उलट्या होत्या.

उत्तर १: वायरी बदला, तरी कॅप तपासाच. फॅनने १०८ चं कोडं सुटलं, पाऊण लिटरचं नाही.