बेस क्लॉक १०५ केलाय, तापमान ठीक आहे; मग हार्डडिस्क मध्येच गायब का होते?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. एका ऑफिसमधून निघालेला सेकंडहँड पीसी घेतलाय. आय५-२४००, एच६१ चा बोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, २४० जीबी एसएसडी आणि दादाची जुनी ५०० जीबीची हार्डडिस्क. लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, रात्री रेंडर लावून झोपतो. मल्टिप्लायर (मूळ घड्याळाला ज्यानं गुणून प्रोसेसरचा वेग येतो तो आकडा) लॉक आहे, पण बायॉसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) बेस क्लॉक, म्हणजे ते १०० मेगाहर्ट्झचं मूळ घड्याळ, बदलता येतो असं दिसलं. १०३ वर आठवडाभर काही झालं नाही, म्हणून १०५ केला. ३१ गुणिले १०५, म्हणजे ३.१ चे जवळजवळ ३.२६ गिगाहर्ट्झ. तापमान ६० च्या वर जात नाही. फक्त परवा चालू केला तेव्हा ५०० जीबीवाली दिसलीच नाही. रीस्टार्ट केल्यावर आली. १०७ करून बघू का? प्रोसेसर थंड असताना जळणार तरी काय?

सोल्डरगन
काही जळत नाही रे. फार तर बूट होणार नाही. प्लग काढ, बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेव, बायॉस मूळपदावर येतं. मी असाच पीसी १०४ वर दोन वर्षं चालवला. बिनधास्त कर.

जंपरकाका
जळत काही नाही हे खरंय. घोळ तोच आहे. जळलं असतं तर वास तरी आला असता.

१९९९ चा सप्टेंबर. एसटी स्टँडमागे आमचं डीटीपीचं दुकान होतं आणि एका दिवाळी अंकाचं काम हातात. मशीन सेलेरॉन ३००ए. तेव्हा या चिपचं कोण वेड होतं! मल्टिप्लायर साडेचारवर कुलूपबंद, बस (प्रोसेसर आणि बाकी बोर्ड यांच्यातला रस्ता) ६६ मेगाहर्ट्झची. बस १०० केली की ३०० चा थेट ४५०, म्हणजे कितीतरी महागड्या पेंटियम टूच्या पंगतीत. मित्राकडे बीएक्स चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या चिप्स) बोर्ड होता, त्याचं १०० वर मख्खन चालायचं. माझा बोर्ड जुन्या एलएक्सचा. जंपरला (पिनांवर बसवायची बारीक टोपी, तिनंच बसचा वेग ठरायचा) तीनच जागा: ६६, ७५, ८३. माझा हिशेब सरळ होता. त्याचं १०० ला चालतं, तर माझं ८३ ला चालायलाच हवं. ८३ कमीच ना?

तिथेच फसलो. बसचं घड्याळ एकट्या प्रोसेसरचं नसतं. पीसीआयचा (साउंडकार्डसारखी कार्डं जिथे जोडतात त्या जोडणीचा) ताल त्यातूनच भागाकार करून काढलेला असतो आणि तो ३३ चा असावा लागतो. ६६ भागिले २, तेहतीस. बीएक्सला १०० वर ३ ने भागता येतं, पुन्हा तेहतीस. माझा एलएक्स बिचारा २ नेच भागणार. ८३ भागिले २ म्हणजे साडेएकेचाळीस. साउंडकार्ड, मॉडेम आणि हार्डडिस्कचा कंट्रोलर, सगळी मंडळी ३३ वर काम करायला बनवलेली आणि मी त्यांना पाव पट जास्त वेगानं पळवत होतो. मित्राचं १०० माझ्या ८३ पेक्षा सुरक्षित होतं, हे मला पुढे सहा महिन्यांनी कळलं.

आधी गाण्यांत चर्रर्र असा आवाज यायला लागला. मी स्पीकरला शिव्या घातल्या. मग प्रूफं वाचणारे गुरुजी भडकले. दोनदा लाल शाईनं सुधारलेला शब्द तिसऱ्या प्रूफात पुन्हा चुकलेला. आमचे फॉन्ट तेव्हा युनिकोडचे नव्हते. एकेका बाइटला काना, वेलांटी, अर्धं अक्षर असं काहीबाही बसवलेलं. एक बिट उलटलं की काना जाऊन तिथे दुसरंच काही. ‘वाडा’ होता तिथे ‘वीडा’. ऑपरेटर मुलगी रडकुंडीला आली, ‘मी बदललं होतं हो’ म्हणायची. मीही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. त्याची अजून लाज वाटते.

मग एका सकाळी विंडोज ९८ नं स्कॅनडिस्क सुरू केलं आणि सी ड्राइव्हवर फाइल०००० डॉट सीएचके, ०००१, ०००२ अशी तुटक्या फाइलींच्या तुकड्यांची रांग लागली. अंकाच्या निम्म्या फाइली उघडेनात. दर शनिवारी फ्लॉपीवर बॅकअप घेत होतो की! पण बिघडलेलं होतं तेच इमानेइतबारे कॉपी होत होतं. जंपर ६६ वर आणला आणि जुन्या प्रूफांवरून ३८ पानं पुन्हा टाइप केली.

आता तुझ्या मशीनकडे. ते २०११ च्या सँडी ब्रिज पिढीचं. त्यात प्रोसेसर, रॅम, पीसीआय एक्सप्रेस (त्याच पीसीआयची नवी पिढी), साटा (डिस्कची जोडणी) सगळे एकाच १०० मेगाहर्ट्झवरून चालतात. पुढे स्कायलेक पिढीपासून पीसीआय एक्सप्रेसचं घड्याळ वेगळं काढलं, तुझ्याकडे ती सोय नाही. साटाच्या घड्याळाला दहा लाखात ३५० इतकीच चूक माफ असते (खालच्या बाजूला थोडी जास्त सूट, वर नाही). तुझे ५ टक्के म्हणजे दहा लाखात ५०,०००. डिस्क दिसली नाही याचा अर्थ कंट्रोलर आणि डिस्क यांचा सूर जुळला नाही. थर्मामीटरला यातलं काय कळणार?

आणि मिळतंय काय? तासाचं रेंडर फार तर ५७ मिनिटांत. तेही तू झोपलेला असताना. त्यापेक्षा रॅमची दुसरी तशीच काडी टाक, दोन चॅनल चालू होतील, म्हणजे रॅमला एकाऐवजी दोन वाटा.

रात्रपाळी
काका, पण साटामध्ये सीआरसी (डेटा नीट पोचला का ते ताडायचा आकडा) असतो ना? चुकीचा डेटा आला तर परत पाठवतात असं वाचलंय.

जंपरकाका
असतो, पण तो फक्त केबलवरचा पहारेकरी. रॅममध्ये किंवा चिपसेटमध्ये बाइट आधीच बिघडली असेल तर बिघडलेल्या बाइटचाच सीआरसी काढला जातो आणि तो पलीकडे बरोबर जुळतो. तुझ्या रॅमला ईसीसी (उलटलेलं बिट पकडून दुरुस्त करायची सोय) नाही, आणि बेस क्लॉकबरोबर तीही ५ टक्के पळतेय. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड, सी७ ची ओळ बघ. अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट. आकडा काय आहे?

सोल्डरगन
केबल खराब असली तरी तो वाढतो हां.

जंपरकाका
बरोबर. म्हणून आकडा लिहून ठेव, क्लॉक १०० कर आणि आठवडाभर थांब. तो आकडा परत शून्यावर येत नसतो, वाढतोय का एवढंच बघायचं. वाढत राहिला तर केबल बदल. थांबला तर दोषी कोण ते कळलं. रात्रभर मेमटेस्टही (रॅमची चाचणी) लाव, १०० वरच.

रात्रपाळी
एसएसडीला शून्य, ५०० जीबीला हेक्समध्ये २ई, म्हणजे ४६. दादाकडे असताना किती होता कोण जाणे. १०० वर आणलंय. पण १०५ वर असताना या डिस्कवर तीन कार्यक्रमांचं फुटेज उतरवलंय. त्याचं काय?

जंपरकाका
कॅमेऱ्याची कार्डं अजून आहेत का? असतील तर १०० वर पुन्हा उतरव आणि दोन्ही कॉप्यांचे हॅश (फाइलमधल्या सगळ्या डेटावरून निघणारा ठसा) ताडून बघ. फाइलचं नाव आणि साइज जुळली म्हणून सोडू नकोस.

रात्रपाळी
दोन आहेत. साखरपुड्याचं फॉरमॅट करून टाकलं.

जंपरकाका
मग चहा ठेव आणि साखरपुडा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघ. भाषणांसकट.