चांगल्या वागण्याची नोंद कशी ठेवावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या मुलांच्या नागरी वर्तनाची नोंद कशी ठेवायची, यावर सल्ला हवाय. गुण ठेवले की मुलं शिक्षक बघत असतानाच कचरा उचलतात. नाही ठेवले तर पालक विचारतात, ‘याचा उपयोग काय?’

शिक्षणाचे अभ्यासक जोएल वेस्टहाइमर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००४ मध्ये नागरिकाचे तीन प्रकार मांडले: स्वतःची जबाबदारी पाळणारा, सामूहिक कामात उतरणारा आणि अन्यायाचं मूळ शोधणारा. आमच्या नोंदी पहिल्यापाशीच अडकतात. रांग, वक्तशीरपणा, गणवेश. (गणवेश यात कशाला, देव जाणे.) कुणाला चिडवलं जात असताना मध्ये पडणारी मुलगी, नियम चुकतोय हे नीट मांडणारा मुलगा, समाजाला पुढे हीच माणसं लागतात. पण आमच्या तक्त्यात त्यांना रकानाच नाही. उलट प्रश्न विचारणारा ‘उद्धट’ ठरतो.

लेखी चाचणीतून माहिती कळते, वागणं नाही.

कुणी मुलांकडूनच स्वतःची आणि एकमेकांची नोंद करून घेतली आहे का? मैत्रीखातर होणारं कौतुक कसं टाळलंत? आणि अबोल मुलांचं काय करता? तक्त्याचा नमुना असेल तर जरूर पाठवा.